‘पॉश’ हा बोटीच्या तिकिटावरचा शॉर्टफॉर्म नाहीये, प्लीज फॉरवर्ड करणं थांबवा

तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल. साहेब लोक इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीत डावीकडची केबिन घ्यायचे आणि परत जाताना उजवीकडची, कारण त्या बाजूला ऊन कमी, म्हणून पी अँड ओ ही बोटींची कंपनी त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’चा (पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू, स्टारबोर्ड उजवी) पी.ओ.एस.एच. असा शिक्का मारायची आणि त्यातून ‘पॉश’ आला. वर शेपूट असं की शॉर्टफॉर्म असल्यामुळे हा शब्द स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स जुळवून शब्द बनवायच्या खेळात, चालत नाही.

आधी उन्हाचं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. सुएझ कालवा 1869 ला सुरू झाला, त्यातून बाहेर पडून तांबड्या समुद्रात बोट साधारण आग्नेयेला जाते, म्हणजे डावी बाजू सकाळी तापते पण दुपारनंतर सावलीत, आणि एडन ते मुंबई तर डावी बाजू जवळजवळ उत्तरेला. हिवाळ्यात हे अगदी बरोबर. पण मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य एडन-मुंबईच्या टप्प्यात उत्तरेकडे सरकलेला असतो, मग तिथे उलटं होतं. तरी कुणी मुद्दाम डावीकडची केबिन मागितली असेल हे मी मान्य करते, पण केबिन मागणं वेगळं आणि तिकिटावर शिक्का असणं वेगळं ना!

आणि तो शिक्का कुणी बघितलाय? असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतही नाही. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं प्रवास केला, तिकिटं, पत्रं, डायऱ्या जपून ठेवल्या, आणि नेमका हाच शिक्का कुठेच उरला नाही हे मला तरी पटत नाही.

तारखा बघितल्या की तर गोष्ट कोसळतेच. 1914 च्या ब्रिटिश सैन्यावरच्या एका पुस्तकात घोडदळातले शिपाई संधी मिळेल तेव्हा ‘पॉश’ कपडे घालतात असं लिहिलंय, 1918 ला पंच या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातल्या व्यंगचित्रात एक तरुण अधिकारी आईला सांगतो की तिकडे वेळ पॉश गेला, आणि या दोन्हीत बोटीचा ब सुद्धा नाही. बोटीची गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती 1935 च्या आसपास, म्हणजे शब्द रुळून वीसेक वर्षं झाल्यावर. त्याच्याही आधी, 1890 च्या सुमारास, लंडनच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे छानछोकी करणारा माणूस, आणि त्याआधी चक्क पैसा, सुटी नाणी. हा पैशाचा अर्थ बहुतेक युरोपातल्या भटक्या रोमानी लोकांच्या भाषेतून आला, तिथे ‘पॉश’ म्हणजे अर्धा, अर्ध्या पेनीच्या नाण्यातला अर्धा. रोमानी ही मुळात आपल्याकडूनच गेलेली भाषा, आणि हा शब्द संस्कृत ‘पार्श्व’पर्यंत नेतात, ज्याच्यातून आपलं ‘पाशी’ आलं. पैशावरून ऐटीपर्यंत शब्द नेमका कसा पोचला त्याचा पक्का पुरावा नाही, म्हणून डिक्शनरीवाले मूळ अनिश्चित म्हणतात, आणि मला ते शिक्क्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं.

स्क्रॅबलचं शेपूट तर साफ चूक. ‘पॉश’ चालतो, पी 3, ओ 1, एस 1, एच 4, एकूण 9, आणि पुढे ई आणि आर लावून ‘पॉशर’ पण होतो. हे आकडे आल्फ्रेड बट्स या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टने 1930 च्या दशकात पेपरमधली अक्षरं मोजून ठरवले, जे अक्षर जास्त येतं त्याला कमी पॉइंट आणि जास्त टाइल्स, म्हणून शंभर टाइल्समध्ये ओ आठ आणि एच दोनच. शब्द कुठून आला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लेझर आणि रडार हे खरेखुरे शॉर्टफॉर्म, ते पण चालतात, कारण डिक्शनरीत साधे शब्द म्हणून आहेत.

आणि हो, ऑफिसातलं ‘पॉश ट्रेनिंग’ दाखवून ‘बघा शॉर्टफॉर्मच आहे’ म्हणू नका. तो 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरासमेंट’, त्याची अक्षरं आधीपासून असलेल्या शब्दाशी जुळली इतकंच.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची विलायतेची बोटीची तिकिटं आहेत त्यांनी ट्रंक उघडून नक्की बघा, शिक्का निघाला तर फोटो टाका, मी हे सगळं त्याच दिवशी बदलेन.