आधी जुना सर्व्हे नंबर काढा
दिंडोरीकडची जुनी दफनभूमी सापडत नाही, सातबाऱ्यावरही तिचा मागमूस नाही, हे तुमच्या लेखात वाचून जीव तुटला. पण तुम्ही पाहिलात तो आत्ताचा सातबारा. 1947 च्या कायद्याने शेतजमिनींचं एकत्रीकरण झालं, नवे गट नंबर पडले आणि जुने सर्व्हे नंबर मागे राहिले. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा आणि जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता काढा. 'पोटखराब ब' (सार्वजनिक वापरामुळे लागवडीबाहेर ठेवलेली जमीन) नीट वाचा, दफनभूमी, स्मशान त्यातच धरतात.

माझ्या आजोळी असंच शोधत गेलो, तर द्राक्षबागेच्या बांधावर एकटाच खुरचाफा, दफनभूमीत लावतात तो. मामा म्हणाले, "इथं कुणी नांगर घालत नाही." घाणेरीची झुडपं बाजूला सारली, खाली घडीव दगड, शेवाळलेला. हात लावायला धजावलो नाही. पावसाआधी जा, नंतर गवत माजतं.