आधी काळी टाकी, मग करडी

मार्गशीर्षात कोल्हापूरला आलो की पहिली संध्याकाळ रंकाळ्यावर जाते. यंदा दादाच्या मित्रमंडळींत विषय निघाला तो चाकांवरच्या घरांचा, म्हणजे कॅराव्हॅनचा. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचे पक्षकार इथं येऊ लागले. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी तर बारमाही. येणाऱ्या गाड्यांचं करायचं काय, हा वाद त्यामुळे रोजचाच झालाय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं होतं. त्याचा दाखला देऊन एकजण म्हणाला, पन्हाळ्याच्या पायथ्याला नाहीतर राधानगरीकडे झकास कॅराव्हॅन पार्क काढायला पाहिजे. दुसरा उसळला, "आधी देवीला आलेल्या गाड्या लावायला जागा द्या, मग ती घरं आणा." आणि मग सगळे माझ्याकडे वळले. "तू बघून आलायस न्हवं अमेरिकेत? सांग की."

बघून आलोय. तिथं जे बघितलं ते रंकाळ्यावर दहा मिनिटांत सांगून झालं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी अटलांटाजवळ राहतो. तिथून दक्षिणेला दीड-दोन तासांवर पेरी नावाचं गाव आहे. मार्चमध्ये तिथल्या जत्रेच्या मोठ्या मैदानावर फॅमिली मोटर कोच असोसिएशन या मोटरहोमवाल्यांच्या संघटनेचा मेळावा होता, त्याला जोडून नव्या गाड्यांचं प्रदर्शन. शेजारचं निवृत्त जोडपं आपल्या गाडीतून निघालं होतं, त्यांनी मला सोबत घेतलं. ही संघटना १९६३ ची. खग्रास सूर्यग्रहण बघायला मेन राज्यातल्या हिंकली इथं २६ कुटुंबं आपापल्या घरगाड्या घेऊन जमली आणि तिथंच तिचा जन्म झाला. ग्रहण बघायला गेलेल्या माणसांनी परत निघताना एकमेकांशी बांधून घेतलं, हे मला फार आवडतं.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात सांगतो. बटण दाबलं की गाडीची भिंत बाहेर सरकते आणि आत बैठकीची खोली तयार होते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, सगळं आहे. मोठ्या गाड्यांच्या किमती चांगल्या घराइतक्या. ते सगळं देखणं होतं, पण दुपारनंतर मी तिकडे फिरकलो नाही.

मी रमलो मैदानात. गाडी शिरली की पिवळ्या जाकिटातले सत्तरीचे स्वयंसेवक हातवारे करून ती अचूक जागेवर लावून घेत होते. कुणाच्या टायरवर हवा तपासून देणं चाललं होतं, तर कुणी नवख्याला टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिकवत होतं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात उभं राहून रबर आतून वाळतं, हे एक म्हातारा पोटतिडकीनं सांगत होता.

आणि मग मैला उपसायचं प्रात्यक्षिक. बहुतेक घरगाड्यांच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी करडी, तिच्यात आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी. तिसरी काळी, संडासाची. शेजारच्या आजींनी हातमोजे चढवले, तीन इंची जाड पाइप गाडीच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवला, दुसरं टोक जमिनीतल्या झाकणाच्या भोकात खोचलं आणि आधी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह ओढला. जोडाचा तुकडा पारदर्शक होता, आतून काय जातंय ते दिसत होतं. पाणी निवळ यायला लागल्यावर करडीचा व्हॉल्व्ह. "आधी काळी, मग करडी," त्या म्हणाल्या. साबणाचं पाणी मागून गेलं की पाइप आतून धुतला जातो, म्हणून हा क्रम. शेवटी तिथल्या नळानं सिमेंटचा कट्टा धुतला. तो नळ वेगळा, पिण्याच्या पाण्याचा नळ लांब, आणि धुण्याच्या नळावर मोठी पाटी: हे पाणी पिऊ नका. ज्यांच्या जागेवर भोक नव्हतं, त्यांच्याकडे मैला उपसणारी टँकरगाडी येऊन जात होती. आजींच्या चेहऱ्यावर किळस नव्हती की लाज. घरातला केर काढावा तितकं साधं काम होतं ते.

मला तिथं आबा आठवले.

आबा ट्रकवर होते. शाहू मार्केट यार्डातून गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, गाडी भरायची आणि गुजरात गाठायचं. महिन्यातले वीस दिवस त्यांचं घर म्हणजे केबिन. स्टिअरिंगमागच्या फळीवर वाकळ, खिळ्याला टॉवेल, सीटखाली स्टोव्ह. आंघोळ पेट्रोल पंपावर, तीही पंपवाल्याचा मूड असेल तर. बाकीचं रस्त्याकडेला, अंधारात. त्यांना मुतखड्यानं तीनदा अंथरुणाला खिळवलं. डॉक्टर म्हणायचे, पाणी जास्त प्या. आबा म्हणायचे, "पाणी प्यालं की थांबावं लागतं, आणि थांबायचं कुठं?" मी तेव्हा नववीत होतो. हे वाक्य मला कळायला पेरीच्या मैदानातला तो सिमेंटचा कट्टा बघावा लागला.

म्हणून रंकाळ्यावरच्या वादात मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. दोघंही धरून चालतात की गाडीत राहणं ही परदेशातून येऊ घातलेली नवी चीज आहे. आपल्याकडे गाडीत राहणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दसरा चौकात पर्यटकांच्या बस आणि ट्रॅव्हलर लागतात, त्यांचे चालक रात्री तिथंच मागच्या सीटवर आडवे होतात. प्रवाशांना लॉज, चालकाला गाडी. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ट्रक-ट्रॅक्टरमधून ऊसतोडीचे कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. सोबत पोरं, कोंबड्या, भांडीकुंडी. फडाशेजारी कोप्या पडतात आणि त्या बाया उजाडायच्या आत उसात जाऊन येतात, कारण दुसरं ठिकाण नाही.

२०१९ च्या ऑगस्टातला महापूर कोण विसरेल? शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि ट्रकांची रांग कित्येक किलोमीटर दिवसेंदिवस अडकून पडली. आपल्या लोकांनी त्या परमुलखातल्या ड्रायव्हरना भाकरी-भाजी, खिचडी नेऊन दिली. परदेशात बसून ते फोटो बघताना माझा ऊर भरून आला होता. पण त्या हजारो माणसांनी ते दिवस देहधर्माचं काय केलं असेल, हे तेव्हा मीही कुणाला विचारलं नाही. २०२१ च्या जुलैत तोच रस्ता पुन्हा बंद झाला.

आणि आपली यात्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला एसटीच्या गाड्याच्या गाड्या जातात. गल्लीगल्लीत गाडी ठरते, परड्या, स्टोव्ह, पातेली, सतरंज्या टपावर आणि आत चढतात, दोन-तीन दिवस गाडीच्या सावलीत संसार मांडला जातो. पेरीचं मैदान बघताना मला तर डोंगरावरची आपलीच गर्दी दिसत होती. तीच चूल पेटवायची घाई, तीच शेजाऱ्याला चव बघायला वाटी द्यायची रीत. फरक एवढाच की आमच्या बायकांना तिथं दिवसभर पाण्याचा घोट मोजून घ्यावा लागतो. वहिनी दरवर्षी जाते. तिनं मला सांगितलं, पहाटे तीनला बायका एकमेकींना उठवतात, चार-पाच जणींनी मिळून साड्या धरून आडोसा करतात. दरवर्षी चर्चा होते ती एसटीच्या भाड्याची आणि खोळंबा आकाराची, म्हणजे गाडी तिथं थांबून राहिल्याबद्दल जे पैसे घेतात त्यांची. तो कमी व्हावा ही मागणी रास्तच आहे. पण गाडी थांबते तेव्हा तिच्यातली माणसंही थांबलेली असतात, त्यांच्या सोयीचं कुणी मागत नाही.

अमेरिकेचं सगळं गोमटं आहे असं मी म्हणणार नाही. पेरीला जमलेले लोक पेन्शनवाले, घरं असलेले, हौसेनं फिरणारे. त्याच देशात भाडं परवडत नाही म्हणून मोटारीत झोपणारी माणसंही आहेत, आणि त्यांच्या काचेवर रात्री पोलिसाची टॉर्च आपटते. २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागी उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायची मुभा शहरांना दिली. हौशी माणसाला कट्टा आणि नळ, गरजवंताला दंड, हा त्यांचा अन्याय आहे आणि तो आपण उचलू नये. कॅराव्हॅन पार्कबद्दल माझी भीती नेमकी हीच आहे. पैसेवाल्यांसाठी कुंपणाच्या आत सगळी सोय होईल आणि बाहेरच्या रस्त्यावर ट्रॅव्हलरचा चालक बाटलीतल्या पाण्यानं तोंड धूत राहील.

दुसरी भीती पाण्याची. राधानगरीकडे पन्नास घरगाड्या उभ्या केल्या आणि काळ्या टाक्या रिकाम्या करायला जागा दिली नाही, तर ते जाणार ओढ्यात, ओढा भोगावतीत आणि भोगावती पंचगंगेत. शहराचं सांडपाणी पंचगंगेत नेणाऱ्या जयंती नाल्याचं दुखणं आपण वर्षानुवर्षं सोसतोय, तरी हा साधा प्रश्न त्या संध्याकाळी कुणाच्या तोंडून आला नाही.

ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीच्या पोरांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली, त्या शहरात मी हे मागतोय. परगावच्या पोरानं शिकायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाचं बघायला हवं, हे महाराजांनी ओळखलं होतं. व्हीनस कॉर्नरला आजही गाडी अड्डा म्हणतात. बैलगाड्या गेल्या, मोटारी लागायला लागल्या, नाव तेच राहिलं.

मागणं मोठं नाही. गाडी अड्डा, दसरा चौक, शिरोलीचा फाटा, जोतिबाच्या पायथ्याची चैत्र यात्रेतली वाहनतळं, एवढ्या ठिकाणी तरी आतल्या बाजूला उतार दिलेला सिमेंटचा कट्टा, ड्रेनेजला जोडलेलं झाकणाचं भोक, कडी लागणारी चार न्हाणीघरं आणि संडास, बायकांचे वेगळे, रात्रभर उजेड, आणि एकमेकांपासून लांब दोन नळ. ड्रेनेज नसेल तिथं बंद टाकी आणि ठरल्या वेळी येणारा सक्शन टँकर. ज्यानं पार्किंगचे पैसे भरले त्याच्या चालकाला हे फुकट. पार्क काढायचाच असेल तर खुशाल काढा, पण हे झाल्यावर.

रंकाळ्यावर यातलं जमेल तेवढं बोललो तेव्हा पार्कवाला मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "माझ्या दोन ट्रॅव्हलर हायत भावा. ड्रायव्हर कुठं झोपतोय, कधी इचारलं न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. चालकानं त्याला सांगितलं की कोल्हापुरात मुक्काम असला की तो रात्रीचं जेवण टाळतो.

घरी आल्यावर वहिनीनं वहीचं पान फाडून दिलं. मी त्यावर कट्ट्याची आकृती काढली, उतार कुठून कुठं, भोक कुठं, दोन नळांत अंतर किती. दादानं खाली अर्ज लिहिला. ट्रॅव्हलरवाल्या मित्राची सही झाली, वहिनीच्या गाडीतल्या एकोणीस बायकांच्या झाल्या. सोमवारी महापालिकेत जायचंय.