शहापूरकर काकांच्या कमेंटला उत्तर : घर कोर्टात असलं तरी कौलं शाकारायला लागतातच की ओ

काका, नमस्कार.

'बेळगावला स्वतःची सनद पायजे' (सनद म्हणजे शहराचा कारभार कसा चालवायचा ते शहरानेच लिहून मतदानाने मंजूर केलेला कागद) ही माझी पोस्ट तुम्ही दोनदा वाचलीत आणि मग रात्री साडेअकराला एवढी मोठी कमेंट टाकलीत त्याबद्दल आधी आभार, कारण बाकीच्यांनी नुसते अंगठे दिलेत. ८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या असं तुम्ही लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, शहापूरकर हे खरं आडनाव की गल्लीवरचं प्रेम ते मला माहीत नाही. ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, काकांचं म्हणणं असं की एक तर हे अमेरिकेतलं खूळ आहे, दुसरं म्हणजे आपल्या देशात शहराला स्वतःचा कायदा करताच येत नाही तेव्हा मी लोकांना भलत्या नादाला लावतोय, तिसरं, ज्या नगरसेवकांना गटार साफ करून घेता येत नाही त्यांच्या हातात अजून अधिकार कशाला, आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त लागलं ते, "घर कुणाच्या नावावर ते अजून कोर्टात आहे आणि तुम्ही पडद्याचा रंग ठरवायला बसलाय." घर म्हणजे बेळगाव, आणि नाव महाराष्ट्राचं की कर्नाटकचं हा वाद.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आणि माझं चुकलं. "महापालिकेने ठराव करून सनद स्वीकारावी" असं मी लिहून टाकलं, ते तसं होत नाही. स्थानिक स्वराज्य हा विषय घटनेच्या राज्यसूचीत पाचव्या नंबरला बसलाय, म्हणजे आपली महापालिका जी काय आहे ती १९७६ च्या कर्नाटक महापालिका कायद्यामुळे आहे आणि विधानसभेने त्यातली एक ओळ बदलली की आपली महापालिका बदलली, आपल्याला कुणी विचारायची गरज नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या परिशिष्टात १८ कामांची यादी आली, पाणी, रस्ते, नगररचना, दिवाबत्ती सगळं त्यात आहे, पण ती कामं शहरांना द्याच असं कुठे म्हटलंय? राज्य ती "देऊ शकेल" असं आहे. त्या एका "शकेल"वर तीस वर्षं निघून गेली. तेव्हा मी म्हणायला हवं होतं ते असं, की राज्याने आधी कायदा करावा, त्यात शहराला आपला मसुदा आपण लिहायची मुभा द्यावी, आणि मग शहराने मतदान करून तो घ्यावा. लांबचा रस्ता आहे. पोस्टमधलं ते वाक्य आजच बदललंय, तुमच्यामुळे बदललं असंही खाली लिहिलंय.

आणि हो, दोघातिघांनी विचारलं म्हणून, सनद म्हणजे सरकारी ऑफिसात भिंतीवर 'नागरिकांची सनद' म्हणून बोर्ड असतो ना, दाखला इतक्या दिवसांत, उतारा तितक्या दिवसांत, तो नव्हे. तो बोर्ड वाचून कुणाचा उतारा लवकर मिळालाय असं मी तरी ऐकलेलं नाही.

आता अमेरिकेतलं खूळ. काका, तिथेही आधी आपल्यासारखंच होतं. १८६८ साली आयोवा राज्यातल्या जॉन डिलन नावाच्या न्यायाधीशाने निकालात सांगितलं की शहर हे राज्याच्या कायद्यातून जन्माला येतं, राज्य देईल तेवढाच अधिकार आणि राज्याच्या मनात आलं तर तेही काढून घेणार. त्याच्यावर उतारा म्हणून मिसूरी राज्याने १८७५ च्या आपल्या घटनेतच लिहून ठेवलं की मोठ्या शहराने आपली सनद आपण लिहावी, आणि १८७६ साली सेंट लुईसने ती लिहून मतदानाने मंजूर केली. लोक एक समिती निवडतात, समिती मसुदा करते, मग लोक त्याच्यावर मत देतात, एवढाच प्रकार. फौजदारी कायदा वगैरे राज्याचाच राहतो. पण महापौर थेट निवडायचा का कौन्सिलने, वॉर्ड किती, टेंडर कसं काढायचं, पगारी मॅनेजर ठेवायचा का, हे शहराचं.

पण सेंट लुईसची पुढची गोष्ट बेळगावच्या माणसाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. त्याच १८७६ च्या मतदानात त्यांनी शहर आजूबाजूच्या काउंटीपासून (आपल्या जिल्ह्यासारखं) वेगळं करून टाकलं आणि हद्द आखून घेतली, आपले पैसे खेड्यापाड्यांवर कशाला घालवा म्हणून. तेव्हा ती हद्द ऐसपैस वाटली. पुढे वस्ती हद्दीबाहेर वाढली, करही बाहेर गेला, आणि हद्द काही हलेना. १९५० साली साडेआठ लाखांवर असलेलं शहर २०२० च्या जनगणनेत तीन लाखांवर आलं. सगळं त्या रेघेमुळे झालं असं नाही, कारखाने गेले, गोरे लोक उपनगरात गेले, पण रेघेने हात बांधून ठेवले हे तिथलेच लोक सांगतात. आपल्याकडे हिंडलगा, कंग्राळी अजून ग्रामपंचायतीत, लोकं रोज शहरात येऊन जाऊन करतात, शहर कुठे संपलं ते रिक्षावाल्यालाही कळत नाही. तेव्हा आमची सनद आमची हद्द असं छाती पुढे काढून म्हणणाऱ्यांनी (त्यात मी पण होतो) जरा दमाने घ्यावं. रेघ मारण्याची हौस काय करते हे आपल्याला बाहेरच्या कुणी सांगायला नको.

तुमचा तिसरा मुद्दा, नगरसेवकांच्या हातात कोलीत. तुमच्या बाजूने मीच एक उदाहरण देतो, तुम्ही दिलं असतं तर मी गप्पच बसलो असतो. कॅलिफोर्नियात बेल नावाचं छोटं गाव आहे, लोकवस्ती तेव्हा पस्तीस हजारांच्या आसपास, बहुतेक सगळे कष्टकरी. राज्याने कौन्सिल मेंबरांच्या पगाराला लगाम घातला, पण तो सनदवाल्या शहरांना लागू नव्हता. म्हणून यांनी २००५ साली एक खास निवडणूक लावून सनद मंजूर करून घेतली. मतं किती पडली सांगू? चारशेसुद्धा नाहीत. मग काय, पाच वर्षांनी पेपरवाल्यांनी शोधून काढलं तेव्हा सिटी मॅनेजरचा पगार वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलरवर गेलेला आणि मेंबरही मजेत. पुढे लोक जेलात गेले. म्हणजे सनद आली की लोकशाही आली असं अजिबात नाही, कुणाचं लक्ष नसताना आलेली सनद म्हणजे चोराच्या हातात किल्ली. म्हणून मी म्हणतो की किमान अमुक टक्के मतदान झालं तरच मंजूर आणि पगार-भत्त्याला सनदेतून हात लावायचा नाही अशी अट मुळात राज्याच्या कायद्यातच पायजे.

पण गटारीचं मात्र तुम्ही जे नगरसेवकांवर ढकललंत ते मला पटलं नाही. अधिकार कुठे आहेत त्यांच्याकडे? प्लॉट, लेआउट, आराखडा म्हटलं की बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. कॅम्पात पाय टाकला की कॅन्टोन्मेंट, म्हणजे थेट दिल्लीचा कायदा. राकसकोप आणि हिडकलचं पाणी नळाला कधी येणार हे ठरवण्यात राज्याचं बोर्ड आणि कंत्राटदार. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसमध्ये आपलं नाव आलं, पेढे वाटले, मग कळलं की काम करणार एक वेगळी कंपनी, कंपनी कायद्याखाली नोंदवलेली. आमच्या गल्लीत एकाने रस्ता केला, दीड महिन्यात दुसऱ्याने पाइपासाठी खणला, मी तीन ऑफिसं हिंडलो, तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, आणि शेवटी आमच्या नगरसेवकाने स्वतःच्या खिशातून दोन टिप्पर खडी टाकली. वाईट माणूस नाही तो. त्याला सहीच कुठे करायची ते नाही.

आणि हे अधिकार कमी जास्त असण्याचं एक वेळ सोडा, मुळात सभागृह असतं का? २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून महापालिका बरखास्त. २०११ मध्ये महापौर-उपमहापौर काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर, बेळगाव कर्नाटकात घातल्याचा निषेध) फेरीत गेल्या म्हणून परत बरखास्त, डिसेंबरमध्ये, आणि मतदान झालं ते २०१३ च्या मार्चमध्ये, घटनेत सहा महिन्यांत निवडणूक घ्या असं लिहिलेलं असून. या दोन वेळचं तुम्ही म्हणाल की मराठीवरचा राग, आणि मी नाही म्हणणार नाही. पण २०२१ चं काय? ३ सप्टेंबरला मतदान, ५८ नगरसेवक निवडून आले, त्यातले ३५ भाजपचे, बेंगळुरातही भाजपचंच सरकार, म्हणजे भांडण नाही तंटा नाही, आणि महापौर निवडला कधी, तर ६ फेब्रुवारी २०२३ ला. सतरा महिने! निवडून आलेली माणसं घरी आणि कारभार अधिकाऱ्यांकडे. शेवटी महापौर झाला तरी त्याची मुदत एक वर्ष, त्यात हार-तुरे, उद्घाटनं, एक बजेट, संपलं. महांतेशनगरात माझा एक कन्नड दोस्त आहे, तो या सतरा महिन्यांबद्दल माझ्यापेक्षा जास्त शिव्या देतो, त्याच्याही घरासमोर तेच गटार तुंबतं.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढ्याच गोष्टीवर येऊन थांबतं, की तारीख कुणाच्या हातात. निवडणूक कधी, निकालानंतर किती दिवसांत महापौर, त्याची मुदत किती, बरखास्त केलं तर कितव्या दिवशी मतदान, आणि नाही घेतलं तर अधिकाऱ्याच्या खर्चाच्या सह्या आपोआप बंद. हे शहराच्या कागदावर असावं आणि बेंगळुरच्या सोयीने हलू नये. बाकी मोठमोठी कलमं मी पोस्टमध्ये घातली होती ती जरा हौसेनेच.

यावर कुणी म्हणेल की मोठ्या शहरांना वेगळा कायदा असतोच की. असतो. मुंबईला १८८८ पासून स्वतःचा कायदा आहे, फिरोजशहा मेहतांचं नाव त्याच्याशी जोडलेलं, आणि तरी २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर मुंबईत वर्षानुवर्षं प्रशासकच बसले. बेंगळुरला २०२० साली वेगळा कायदा झाला, मग २०२४ चा आणखी नवा आला, शहराचे पाच तुकडे झाले आणि वर जे प्राधिकरण बसवलं त्याचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री, आणि नगरसेवकांची मुदत तिथे २०२० लाच संपलेली. म्हणजे शहरासाठी कायदा वेगळा आणि शहराने केलेला कायदा वेगळा. तुमचं शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होतं ना काका, बेळगावला खेटून असून राज्य पटवर्धनांचं. कायदा वेगळा होता, पण तो काय शहापूरच्या विणकरांना विचारून केला होता का?

आता पडद्याचा रंग. आमच्या गल्लीत एक वाडा आहे, तिघा भावांची केस, मी शाळेत असल्यापासून चालूय. केस लागेपर्यंत कुणी एक पैसा घालायचा नाही असं तिघांनी ठरवलं, कारण जो खर्च करेल तो हक्क सांगेल किंवा दुसऱ्याचं घर सावरल्यासारखं होईल. तिघांचंही बरोबरच होतं त्यांच्या त्यांच्या जागी. मागच्या पावसाळ्यात परसाची भिंत खाली आली आणि माजघरावरचं छप्पर बसलं. आता निकाल ज्याच्या बाजूने लागेल त्याला जागा मिळेल, वाडा नाही. आपला सीमावादाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो चालू दे, मी काय मागे घ्या म्हणत नाही, १ नोव्हेंबरला मी पण दंडाला काळी फीत लावतो. सनदेमुळे सभेचे कागद मराठीतून मिळतील असंही मी सांगणार नाही, भाषेचा कायदा राज्याचा आहे, ते भांडण वेगळं आणि ते करत राहायला पायजे.

पण तुम्ही कमेंटच्या शेवटी विचारलंय की "उद्या निकाल लागून आपण महाराष्ट्रात गेलो तर तुमच्या सनदेचं काय करायचं?" काका, त्या दिवशी आपल्याला तिची जास्तच गरज पडेल. कोल्हापूर आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, पंचगंगेचं पाणी, मराठी कागद, मराठी आयुक्त, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर जे प्रशासक बसले ते एकदोन नाही, कितीतरी वर्षं उठले नाहीत. माझा मावसभाऊ राजारामपुरीत राहतो, त्याला मी फोनवर आपल्या सतरा महिन्यांची रड सांगत होतो तेव्हा तो हसायला लागला, म्हणाला, सतराच का?