झेड-इंडेक्स ९९९९ आणि ड्रॉपडाउन तरी मागेच

डेटाबेसची क्वेरी चुकली की तो तोंडावर सांगतो, जावा तर पानभर एरर ओकतं. सीएसएस, म्हणजे वेबपेजला रंगरूप आणि मांडणी देणारी भाषा, मात्र लग्नात रुसलेल्या आत्यासारखं, काय झालं विचारलं तर "काही नाही". प्रॉपर्टीचं (रंग, रुंदी असल्या गुणधर्माच्या नावाचं) स्पेलिंग चुकवा, ब्राउझर ती ओळ गुपचूप सोडून पुढे जातो, कारण नियमच तसा आहे, जुन्या ब्राउझरला नवीन गोष्ट कळली नाही तरी पेज कोसळू नये म्हणून. हेतू चांगला आहे हो, पण रात्री साडेअकराला हेतू काय करायचाय?

परवा ड्रॉपडाउन, म्हणजे क्लिक केल्यावर खाली उघडणारी यादी, पेजवरच्या कार्डच्या मागे लपत होता. कोण कोणाच्या पुढे दिसणार ते ठरवणारा आकडा म्हणजे झेड-इंडेक्स, तो १० दिला, ९९ दिला, ९९९९ दिला, ढिम्म नाही. शेवटी कळलं की बाहेरच्या कुठल्याशा डब्याला कोणीतरी ओपॅसिटी (अपारदर्शकता, पूर्ण असेल तर १) ०.९९ दिलीय, एकपेक्षा जरा जरी कमी झाली की त्या डब्याचा वेगळा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे पुढे-मागे लावायचा स्वतंत्र गठ्ठा, होतो, मग आतल्याने लाख आकडा लावला तरी तो आतल्या आतच. ०.९९! डोळ्याला दिसतसुद्धा नाही!!

मुळात १९९६ ला सीएसएसचं पहिलं स्टँडर्ड आलं तेव्हा मथळे, परिच्छेद, रंग एवढाच संसार होता, आता त्यातच आख्खी बँक उभी करायची. एखादा डबा उभा-आडवा मधोमध आणायला लोकांनी वर्षानुवर्षं टेबल, निगेटिव्ह मार्जिन, ट्रान्सफॉर्म असले उद्योग केले. मग डबे मांडायच्या नव्या पद्धती आल्या, आधी फ्लेक्सबॉक्स, २०१७ ला ग्रिड, आता काम दोनतीन ओळींत होतं, फक्त जस्टिफाय कुठल्या दिशेला आणि अलाइन कुठल्या दिशेला हे दरवेळी गुगल करावं लागतं.

त्यात आपलं मराठी. डिझाइन येतं इंग्रजीत, अक्षरांमधे ऐसपैस जागा सोडलेली, एकदम पॉश. तेच लेटर-स्पेसिंग देवनागरीला लावलं की शिरोरेषेचे तुकडे. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ आणि ओव्हरफ्लो हिडन (डब्याबाहेर आलेलं कापायचं) असेल तर वरचा अनुस्वार उडतो, खालचे उकार उडतात. आमच्या 'मुलींसाठी शिष्यवृत्ती'ची चाचणीत 'मुलीसाठी शिष्यवृत्ती' झाली, म्हणजे एकीलाच.

आणि डिझायनरचा लाडका फिकट करडा रंग! पांढऱ्यावर साध्या मजकुराला निदान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा असं ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीचं, स्टँडर्ड म्हणतं, याचा जेमतेम अडीच. सांगितलं तर म्हणे, "क्लीन वाटतं रे." मॅनेजरनी उन्हात फोन धरला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"क्लीन आहे. पण बटण कुठाय?"