अ‍ॅपच्या डोक्यात कुऱ्हाड

माझ्या एका दिग्दर्शक मित्राला रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ आजच्या काळात आणायची हुक्की आली. सिनेमा स्वतंत्र, म्हणजे निर्मात्यापासूनही स्वतंत्र; तो नव्हताच. पटकथेला फुकटात कुणीतरी हवं होतं आणि ही कादंबरी वाचल्याचं मी कधीतरी चारचौघांत बोलून गेलो होतो.

पहिल्याच बैठकीत गाडी अडली ती सावकारणीपाशी. मूळ कथेत नायक रास्कोल्निकोव्ह वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो. “आता गहाण कोण ठेवतं? कर्ज अ‍ॅपवर मिळतं,” मित्र म्हणाला.

“मग अ‍ॅपच्या डोक्यात कुऱ्हाड घालणार?”

त्याने ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

म्हातारी कशीबशी वाचली, म्हणजे मरण्यापुरती वाचली. पुढे मोबाइल आडवा आला. नायकाच्या दारापासून तिच्या घरापर्यंत बरोबर ७३० पावलं, ही त्याने आधीच मोजून ठेवलेली. आता पावलं फोनच मोजतो आणि पोलिसांनी विचारलं की सांगूनही टाकतो. पुरावा हाती नसताना नुसतं बोलून बोलून आरोपीला जेरीस आणणारा तपास अधिकारी पोर्फिरी तर सीसीटीव्ही बघून जेवायच्या वेळेला घरी जाईल. मग उरलेला दीड तास दाखवायचं काय? “नायक फोन घरी ठेवून निघतो,” मित्राने तोडगा काढला. तेविशीतला मुलगा खून करतो हे प्रेक्षक मान्य करतील, पण फोन घरी ठेवून निघतो हे?

कुऱ्हाडीचा पेच निराळाच. फिनलंडचा दिग्दर्शक आकी काउरिस्माकीने १९८३ साली हीच गोष्ट हेलसिंकीत नेली तेव्हा नायकाच्या हाती सरळ पिस्तूल दिलं. आमच्याकडे नकली पिस्तुलाचं भाडं द्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे पुठ्ठ्याची कुऱ्हाड आणि मूळ कथेशी निष्ठा, दोन्ही एकदमच ठरलं. कादंबरीत तो जुन्या सदऱ्याची पट्टी फाडून कोटाच्या आत डाव्या काखेखाली फास शिवतो. मित्राला फास तसाच हवा होता. सदरा माझा गेला. शिवला मीच, आणि तो असा शिवला की नट जिना चढायला लागला की कुऱ्हाड कोटातून सुटून घरंगळत तळमजल्यावर. भर जुलैच्या उकाड्यात कोट घालून तो बिचारा पुन्हा खाली उतरायचा.

नायकाची खोली कपाटाएवढी आहे, असं दोस्तोयेव्हस्कीने लिहून ठेवलंय. मित्राने माझी खोली एकदा डोळे भरून पाहिली आणि म्हणाला, “सेट लावायची गरजच नाही.”

सायबेरियाही तिथेच झाला. मूळ शिक्षा सायबेरियात आठ वर्षांची. आम्ही एसी सोळावर ठेवून एका रात्रीत उरकली. नायकामागोमाग सायबेरियात जाणारी सोन्या झालेली मुलगी खरोखरच कुडकुडत होती, त्यामुळे अभिनय उत्तम झाला. महिनाअखेरीस विजेचं बिल आलं. ते निर्मितीखर्चात धरणार का, असं मी मित्राला विचारलं.

“धरतो ना,” तो म्हणाला. “निर्माता म्हणून तुझंच नाव टाकतोय.”