केटलला एलिमेंट जरूर बसवा, पण त्या फॉरवर्डवर विसंबून नको

ओहायोतल्या भाच्यानं परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "मामा, या शनिवारी असंच करू ना?" अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या आपल्या मुलांमध्ये हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. प्रोपेनची शेगडी काढा, केटलला, म्हणजे बिअर उकळायच्या भांड्याला, भोक पाडून ५५०० वॅटचा एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कॉइल) बसवा, कपड्यांच्या ड्रायरच्या २४० व्होल्टच्या सॉकेटला जोडा. ब्रेकर आहेच, जीएफसीआयवर (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या उपकरणावर) पैसे घालवू नका, तो वाफेनं उगाच ट्रिप होतो.

"ब्रेकर आहेच" या दोन शब्दांपायी माणूस जाईल. ३० अँपिअरचा ब्रेकर भिंतीतली तार तापून पेट घेऊ नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून त्याच्या हजाराव्या भागाएवढा करंट गेला, तरी तो जीवावर बेततो आणि ब्रेकरला पत्ताही लागत नाही. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिल यांनी माणसांवर प्रयोग करून हे मोजलं: साधारण १६ मिलिअँपिअरला निम्म्या पुरुषांना हातातली तार सोडता येत नाही, बायकांना त्याहूनही कमी करंटला. १९६१मध्ये जीएफसीआय शोधला तोही त्यांनीच. आजचा जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडतो. आता गॅरेजच्या ओल्या फरशीवर उभं राहून स्टीलच्या डावानं वर्ट (बिअर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) ढवळणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. आणि वाफेनं ट्रिप होतो म्हणजे एलिमेंटच्या मागच्या जोडणीत ओल शिरली आहे. तो खरं तेच सांगतोय. जोडणी उघडून सुकवा आणि नीट सील करा.

त्याच मेसेजात पुढे म्हटलंय की ड्रायरचं जुनं तीन पिनांचं सॉकेट असेल तर अर्थिंगऐवजी केटलचं भांडं न्यूट्रललाच जोडा. अजिबात नको! त्या सॉकेटात वेगळं अर्थिंग नसतं. न्यूट्रल कुठे सैल झाली, तर वर्ट फिरवणाऱ्या १२० व्होल्टच्या पंपाच्या वाटेनं भांडं जिवंत होतं. नव्या जोडणीला १९९६पासून चार तारा सक्तीच्या आहेत. जुन्याला मिळालेली सूट ड्रायर आणि रेंज (विजेची शेगडी) यांच्यापुरती आहे, केटलसाठी नाही. इलेक्ट्रिशियनकडून चार तारांची लाइन ओढून घ्या आणि मध्ये जीएफसीआयवालं स्पा पॅनेल (गरम पाण्याच्या टबसाठी मिळणारी ब्रेकरची पेटी) बसवा.

"वॉटर हीटरचा कुठलाही एलिमेंट चालतो" हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. पुष्कळ लोक तोच वापरतात. पण लांब, दुमडलेला, कमी वॉट-डेन्सिटीचा, म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक इंचावर कमी वॅट असलेला घ्या. आखूड एलिमेंटवर वर्ट करपतं. आणि तो पूर्ण बुडाल्याशिवाय स्विच लावू नका.

"साध्या १२० व्होल्टलाही तेवढाच वेळ लागतो" ही थाप आहे. व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर चौथाई होते, १३७५ वॅट. ३० लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला अर्ध्या तासाऐवजी दोन तास, तेही उष्णता वाया जात नाही असं धरून.

राहिलं "गॅस नाही, म्हणजे खिडकी नको". कार्बन मोनॉक्साइडची भीती गेली, हे खरं. पण तासभराच्या उकळीत जवळपास ४ लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. एक्झॉस्ट पंखा नसेल तर बेसमेंटच्या भिंतींना बुरशी धरेल.