बाणेरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर: स्पा, फ्लॅटचे भाव आणि गुन्हे

ताई, तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आडून देहविक्री चालते असा संशय असलेले स्पा, बार किंवा लॉज आले की आजूबाजूचे गुन्हे आपोआप वाढतात याला भक्कम पुरावा नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की तुमच्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात स्पा आल्यापासून एका फ्लॅटचा ठरत आलेला व्यवहार मोडला. क्लासवरून येणाऱ्या मुलींना जिन्याजवळ अनोळखी माणसं उभी दिसतात. आणि शेवटी, ‘अमेरिकेतले अभ्यास दाखवून आम्हाला गप्प करू नका.’

जिन्याजवळची माणसं खरी आहेत आणि मुलींची भीतीही खरी आहे. ती आकडे दाखवून खोडायची गोष्ट नव्हे.

अमेरिकेचा विषय काढला, कारण ‘असले धंदे वस्ती बिघडवतात’ हा युक्तिवाद तिथल्या कोर्टांत वर्षानुवर्षं तपासला गेला आहे. घरं, शाळा, चर्च आणि बागांपासून १००० फुटांच्या आत अश्लील सिनेमे दाखवणारी ‘प्रौढांची’ सिनेमागृहं नकोत, हा रेंटन शहराचा नियम १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला. तोही स्वतःच्या गावात पाहणी न करता, शेजारच्या सिएटलच्या अनुभवावर. लॉस एंजेलिसच्या १९७७ च्या पाहणीत, अशी दुकानं दाटीने असलेल्या हॉलिवूड भागात गुन्हे उरलेल्या शहरापेक्षा जास्त वाढलेले दिसले. मालमत्तांच्या मूल्यांकनात मात्र ठोस फरक सापडला नाही; भाव पडतात असं मत होतं ते मुख्यतः इस्टेट एजंटांचं. उलट न्यूयॉर्कच्या पोलीस हद्दींची आकडेवारी घेऊन चाची आणि स्वियात्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात, प्रौढांच्या करमणुकीचा असा व्यवसाय सुरू झाल्यावर आठवडाभरात त्या हद्दीतले लैंगिक गुन्हे १३ टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणजे चित्र एकसारखं नाही, एवढंच मी म्हणत होतो. नुसत्या मतानेही भाव पडतो, हे मान्य. घेणारा बिचकला की व्यवहार मोडतोच, तुमच्याकडे मोडला तसा. पण तो बदनामीने मोडला, गुन्ह्याने नाही, आणि या दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत.

न्यूयॉर्क राहू द्या, आपल्या पुण्यातल्या बुधवार पेठेत चला. तापकीर गल्लीत भर दुपारी एलईडीच्या माळा, वायरची भेंडोळी, हातगाडीवाल्याचं ‘बाजू, बाजू’, आणि त्याच रेट्यातून अप्पा बळवंत चौकाकडे पुस्तकं घ्यायला निघालेली पोरं. थोडं आत वळलं की ओट्यावर मेथी निवडत बसलेली बाई दिसते. दगडूशेठचा गणपतीही हाकेच्या अंतरावर. इतकी वर्षं हा बाजार तिथल्या वेश्यावस्तीला खेटून भरभराटीने चालला आहे. राहत्या फ्लॅटला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मला कळतं.

बुधवार पेठेत गुन्हे होत नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. फसवून आणलेल्या मुली, कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीचं न फिटणारं कर्ज, हप्ता मागणारे, दारू पिऊन हात उचलणारं गिऱ्हाईक. पण हे सगळं सोसतं कोण? ‘वस्तीवर काय परिणाम होतो’ असं आपण विचारतो, तेव्हा त्या वस्तीत या बायकांना धरतच नाही. मला राग येतो तो याचा. तुमच्या गाळ्यातल्या मुलींबद्दल तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एक ओळही नाही, ताई.

आपले कायदेही अंतरच मोजत बसले. देहव्यापार रोखण्यासाठीचा १९५६ चा पिटा कायदा शाळा, देवळं, इस्पितळांपासून २०० मीटरची रेघ आखतो. डान्स बारसाठी राज्याने २०१६ मध्ये एक किलोमीटरची अट घातली. सुप्रीम कोर्टाने ती जानेवारी २०१९ मध्ये रद्द केली. त्याआधी २००५ च्या बंदीने हजारो बारबालांची रोजीरोटी गेली होती. माझं ठाम मत आहे की अंतर वाढवल्याने धंदा संपत नाही, तो लपतो, आणि लपलेल्या धंद्यात मार खाल्लेली मुलगी पोलिसांकडे जाऊ शकत नाही. स्वखुशीने देहविक्री करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक करू नये, छळू नये, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं, ते म्हणूनच मोलाचं.

आता तुमच्या सोसायटीचं. त्या गाळ्याचा मालक बहुधा तुमचाच सभासद असेल. भाडेकराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती सभेत मागा. जागेचा वापर कुंटणखान्यासाठी होतोय हे ठाऊक असून गाळा दिला असेल, तर पिटाखाली मालकही गुन्हेगार ठरतो. हे त्याला लेखी कळवा. जिन्याजवळ दिवा आणि कॅमेरा लावा, वॉचमनला तिथे बसवा. पोलिसांना अर्ज द्याल तेव्हा ‘आमच्या इमारतीची बदनामी’ एवढ्यावर थांबू नका. आत काम करणाऱ्या मुली सज्ञान आहेत का, त्यांना कुणी डांबून ठेवलंय का, पगार हातात मिळतो का, याची चौकशी महिला पोलीस अधिकाऱ्यामार्फत व्हावी, असंही त्यात लिहा. मसुदा पाठवा, मी बघून देतो.